राखेची निवळ

आमच्या घरात राख टाकायची नाही, असा नियम होता. दुसऱ्यांच्या घरी सकाळी चूल साफ केली की राख परसात माडाच्या नाहीतर केळीच्या बुंध्याशी ओतून मोकळे होतात. आमच्याकडे ती चाळून डब्यांत भरली जायची. चुलीतली राख खालच्या फळीवर, माडाच्या झावळांची मधल्या, आणि केळीची सगळ्यांत वर, झाकण घट्ट लावून. पापडांचा डबासुद्धा तिच्या खाली असायचा. गावात कुणाच्याही परसात केळीचा घड उतरवला की ती केळ आमची, हे ठरलेलंच होतं. माझे वडील, आबा, तिचे सोप म्हणजे खोडाची सालपटं खांद्यावरून आणून खळ्यात, पुढच्या अंगणात, वाळत घालायचे आणि ते चांगले कडकडीत झाले की आई जाळायला बसायची. वाऱ्याची झुळूक आली तर पदर पसरून आडोसा करायची. बाकीच्या बायका राखेपासून पदर वाचवतात, आमच्या आईचं उलटं होतं.

आम्ही मडवळ, म्हणजे घाटावर ज्यांना परीट म्हणतात ते. गावच्या रोजच्या कपड्यांना तोवर बाजारातला सोडा आणि साबणाच्या वड्या आल्या होत्या. पण बाळंतिणीची धुणी, तेलकट पांघरुणं आणि ग्रामदेवी सातेरीच्या पायघड्या आई राखेच्याच पाण्याने धुवायची. पायघड्यांना तर दुसरं काही चालतच नसे. जत्रेला देवीची पालखी बाहेर पडली की तिच्यापुढे जमिनीवर पांढरी वस्त्रं अंथरायचा मान आमच्या घराचा. पालखीवाल्यांनी त्यांच्यावरूनच चालायचं, आणि मागचं वस्त्र उचलून पुढे घालत घालत आबांनी देवळाला फेरी पुरी करायची. वर्षभर आम्ही गावाचा मळ काढायचो आणि त्या एका संध्याकाळी गाव आमच्यासाठी बाजूला सरायचं.

आमची धुण्याची जागा व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर होती, व्हाळावरच्या साकवाला अगदी लागून. साकव म्हणजे पोफळीच्या खांबांचा छोटा पूल. तिथे मोठी धोंड, शेजारी कपडे उकडायची भट्टी, आणि काठावरच्या पायरीवर निवळीची मडकी. एका मडक्याच्या तळाला भोक, भोकात नारळाच्या सोडणाचा बोळा, वर राख, राखेवर पाणी. खाली दुसरं मडकं. वरच्यातून खालच्यात थेंब पडत राहायचे, आणि त्या थेंबांचा आवाज मोठ्या मडक्यात घुमायचा. ते पाणी म्हणजे निवळ, कोऱ्या चहाच्या रंगाची आणि हाताला बुळबुळीत लागणारी. तिच्यात कपडे भिजायचे, मग भट्टीवर उकडायचे, मग धोंडीवर. आई कपडा आपटताना प्रत्येक वेळी दातांतून 'श्शा' असा श्वास सोडायची. मी दुसऱ्या वाडीत खेळायला गेले तरी तो 'श्शा' आणि त्यामागचा 'धप्प' ऐकू यायचा आणि आईच्या हातात चादर आहे की लुगडं, ते मला नुसत्या आवाजावरून कळायचं. दुपारी भट्टीच्या निखाऱ्यावर सुका बांगडा भाजायचा, घरून आणलेली उकड्या तांदळाची पेज तिथेच पानाच्या द्रोणात घ्यायची. पुढे आयुष्यात बरंवाईट पुष्कळ खाल्लं, पण त्या पेजेची चव कुठे सापडली नाही. आणि ती पेज खाताना साकवाकडे पाठ करून बसायची सवय मात्र अजून आहे. घरातही मी दाराकडे पाठ करून जेवते, सून हसते.

कारण साकवावरून शाळेचा रस्ता जायचा. वर्गातली सगळी मुलं त्यावरून यायची-जायची आणि खाली आम्ही. कुणाच्या घरी बाळंतपण झालं, कुणाची म्हातारी अंथरुणाला खिळली, हे सगळं आमच्या दोरीवर वाळत असायचं, आणि ज्यांचे कपडे त्यांना लाज वाटत नसे, मला वाटायची. कामात कसली आलीय लाज, असं सभेत बोलणारे लोक मला आवडत नाहीत. त्यांनी कधी दुसऱ्याच्या घरची सुयेराची, बाळंतपणाची धुणी डोक्यावरून नेलेली नसतात. मला लाज वाटायची आणि भरपूर वाटायची. सगळ्यांत जास्त हातांची. राखेच्या पाण्याने बोटांची सालं निघायची, नखांच्या कडा उलायच्या आणि बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. परवा बँकेत यंत्रावर अंगठा ठेवला तर उमटेना. काउंटरवरचा मुलगा चांगल्या मनाने म्हणाला, "आजी, हात पुसून परत ठेवा." मी पुसला. जन्मभर पुसतेच आहे.

निवळ किती कडक झाली हे बघायची आमच्या घरची एक रीत होती. बोट बुडवायचं आणि जिभेला लावायचं. आईच्या बोटांना बुळबुळीत एवढंच कळायचं, किती ते कळायचं नाही. ते जिभेला कळायचं. कमी असली तर मळ सुटत नाही, जास्त झाली तर जुनं कापड भट्टीत दुबळं होतं आणि धोंडीवर विरतं. आबांची जीभ तंबाखूने कधीच मेली होती, म्हणून हे काम आईचं. दिवसातून किती वेळा ती पाण्यात बोट घालून जीभ बाहेर काढायची, तिला स्वतःलाही कळत नसावं. डोळे मिटून, तोंड वाकडं करून. साकवावरची मुलं तिची नक्कल करायची आणि मी डोकं खाली घालून कपडे पिळत राहायचे.

दहावीला आम्हाला विज्ञान शिकवायला डिमेलो सर होते. उंच, वाकलेले, पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावणारे. त्यांचं लहानपण गोव्यात आजोळी गेलं होतं, पोर्तुगिजांच्या शाळेत, त्यामुळे त्यांच्या डोक्यात भाषांचा बाजार भरलेला असायचा. धडा शिकवता शिकवता एखादा शब्द हातात धरायचे आणि तो कुठून आला, कुणाकुणाच्या घरी राहिला, कुठे त्याचं शेपूट तुटलं, ते सांगत बसायचे. परीक्षेत त्याला गुण नव्हते, म्हणून हुशार मुलं जांभया द्यायची. मला मात्र ते फार आवडायचं. वर्गात मी तेवढ्याच वेळी हात विसरायचे.

त्या दिवशी आम्लं आणि अल्कली चालू होतं. सरांनी फळ्यावर 'अल्कली' लिहिलं आणि खडू खाली ठेवला. खडू खाली ठेवला म्हणजे गोष्ट येणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

"हा शब्द कुणाचा?"

"इंग्रजांचा," गावकरांचा विनू म्हणाला. त्याचे वडील म्हणजे देवस्थानाचे पहिले मानकरी, त्यामुळे त्याला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधी द्यायची सवय होती.

"इंग्रजांनी तो उचलला. फ्रेंचांत आल्काली, पोर्तुगिजांत आल्कली, जर्मनांत आल्काली. सगळ्यांनी उचलला. मूळ घर अरबांचं. समुद्राकाठी खाऱ्या जमिनीत जाड पानांची झुडपं वाढतात, आपल्या खाजणात आहेत तसली. अरब ती जाळायचे आणि राख पाण्यात घालून कपडे धुवायचे, साबण करायचे, काच करायचे. त्या भाजलेल्या राखेचं नाव 'कली'. 'अल्' हा त्यांचा नावापुढे लावायचा शब्द. पुस्तकांतून तो युरोपात गेला आणि तिथल्यांनी शेंडीसकट उचलला." मग त्यांनी विचारलं, पोटॅशियमची खूण 'पी' नसून 'के' का? कोणालाच येईना. "कारण जर्मन त्याला कालियुम म्हणतात. तिथे शेंडी गळली, कली राहिली. आणि पोटॅशियम म्हणजे तरी काय? भांड्यातली राख. बघा रे, सगळ्या युरोपच्या तोंडात राख आहे."

वर्ग हसला. मीही हसले. मग सर म्हणाले, "आणि आपल्या गावात ही विद्या अजून एका घरात जिवंत आहे," आणि माझ्याकडे बघितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण मी तर हात बाकाखाली लपवून बसले होते. सगळी तोंडं माझ्याकडे वळली. सरांच्या मनात कौतुक होतं, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणून राग कुणावर काढावा ते कळेना.

"कुंदा, आईला म्हणावं निवळ घेऊन एकदा शाळेत या."

मी घरी काही बोलले नाही. पण सरांचेही कपडे आईच धुवायची. आठवड्याची घडी पोचवायला ती त्यांच्या घरी गेली, तेव्हा त्यांनी तिला स्वतःच बोलावणं केलं आणि वर राखेच्या शब्दाची ती सगळी गोष्टही सांगितली. आई घरी आली ती हसतच.

"सरांनी माका शाळेत बोलावल्यानी. निवळ पोरांका दाखवूची आसा. आपली राख खंय खंय पोचली गो, तुका ठावक आसा?"

"आये, तू जाव नको."

"कित्याक?"

"पोरां हसतली."

"हसांदेत. हसल्यान माझी साडी फाटतली काय?"

ती ठरल्या दिवशी आली. लग्नातली हिरवी साडी, केसांत अबोलीची वळी, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर छोटं मडकं. वर्गाच्या दारात तिने पाय पुसले, पुसायला तिथे काही नव्हतं तरी. सरांनी तिला खुर्ची दिली, ती टेकली, पण अर्धीच. मडक्यातली निवळ सरांनी काचेच्या ग्लासात ओतली, लाल लिटमस कागद बुडवला आणि तो निळा झाला. मागच्या बाकावरचे उठून पुढे आले. आईने वर्गाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या तोंडावर जे हसू होतं तसं मी तिच्या तोंडावर फार वेळा बघितलं नव्हतं. त्या घटकेला मला वाटलं, आपण उगाच घाबरलो.

मग सरांनी कपाटातून एक बाटली काढून तिच्यापुढे ठेवली. जाड काचेची, काचेच्याच बुचाची. आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी.

"वयनी, ही बघा आमची. तुमची केळीची, ही कारखान्यातली. पण नाव एकच, अल्कली. दोगी भयणी."

एवढं बोलून ते फळ्याकडे वळले, बाटलीतल्या त्या द्रवाचं सूत्र लिहायला. आईने बूच काढलं. तिने जे केलं ते मी रोज बघत होते, म्हणून माझ्या डोक्यात काही आलंच नाही. दुसऱ्याच्या घरची निवळ बघायला मिळाली तर कोणतीही मडवळीण जे करेल तेच तिने केलं. बोट आत घातलं, डोळे मिटले, जीभ बाहेर काढली आणि बोट जिभेला लावलं.

ती ओरडली नाही. तिचं तोंड एकदम मिटलं, दोन्ही हातांनी तिने टेबल धरलं आणि मान खाली घातली. मग जीभ परत बाहेर आली आणि लाळ टेबलावर गळू लागली. मुलांना वाटलं बाई नक्कल करतेय. साकवावरून रोज बघितलेलीच गंमत आज वर्गात चालली आहे, असं समजून ती खदखदून हसली. मलाही, खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा वाटलं की आई हे काय करतेय सगळ्यांपुढे. सर वळले, त्यांनी उघडी बाटली बघितली आणि त्यांच्या हातातला खडू पडला. त्यांनी माठाकडे धाव घेतली, तिचं डोकं धरून तोंडात पाणी घालत राहिले, तांब्यामागून तांब्या. कोणीतरी म्हणालं, कोकमाच्या सोलांचं आगळ आणा, आंबटाने खार मरतो. सर म्हणाले, "नको, नुसता पाणी, नुसता पाणी." ते बरोबर होतं. मी पुढे एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून जन्म काढला, तिथे मला हे शिकवलं गेलं. तिथे बाहेरच्या देशांतून आलेल्या बाटल्यांवर चार-पाच भाषांत इशारे लिहिलेले असायचे, आणि बाकी काही वाचता आलं नाही तरी अल्कली हा एक शब्द मला सगळ्यांत ओळखू यायचा, थोडा वेगळा कपडा घालून उभा असलेला. अशा प्रत्येक बाटलीवर मी मराठीत चिठ्ठी डकवायचे, 'चाखू नये'. कॉलेजची मुलं हसायची. केमिस्ट्रीच्या बाटलीला जीभ कोण लावेल, म्हणायची. मी म्हणायचे, असतात एकेक.

आईच्या जिभेचं टोक पांढरं पडलं आणि मग त्याची साल गेली. डॉक्टरांनी औषध दिलं, ते लावताना ती आबांचा हात दाबून धरायची. तिला काही खाता येईना. थंड केलेली पेजेची निवळ आणि नारळाचा रस, एवढंच घोटघोट उतरायचं. घरात बोलण्याचा आवाज बंद झाला. आई घरात असूनही घर इतकं गप्प, असं आधी कधी झालं नव्हतं. गावात मात्र तोंडाला तोटा नव्हता. मडवळणीने औषधाची बाटली चाटली, असं एकाने सांगितलं, तर दुसऱ्याने दारू समजून प्यायली म्हणून सांगितलं. मी साकवावरून शाळेत गेले तर विनू आणि त्याची टोळी ओळीने उभी होती आणि सगळ्यांच्या जिभा बाहेर. काही बोलले नाहीत, नुसत्या जिभा. जीभ बाहेर काढणाऱ्याची तक्रार कोणाकडे आणि काय करायची? त्यानंतर मी शाळेत जायचं सोडलं. आबांनी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. पोरीने दहावी व्हावं हा आईचा हट्ट होता, आणि आईला तेव्हा बोलता येत नव्हतं.

सर एका संध्याकाळी घरी आले. खळ्यातच उभे राहिले, आबांनी चटई घातली तरी बसले नाहीत.

"वयनी, चूक माझी. मी बाटली तशी सोडूक नको होती."

आई ओसरीवर बसली होती. तिचे शब्द अजून जाड यायचे. "मी खुळी नाय वो, सर," ती म्हणाली. "तुमीच म्हणालात मां, नाव एकच, दोगी भयणी. म्हणान चाखलंय."

तिला टोमणा मारायचा नव्हता. आपण वेड्यासारखं वागलो नाही, एवढंच तिला त्यांना कळवायचं होतं. पण सरांचा चेहरा मी बघितला. रांगेत उभं करून छडी मारलेल्या मुलाचा चेहरा असतो ना, अगदी तसा. "व्हय," ते म्हणाले. "म्हणालंय खरा." माझी मान वर होईना. आईची लाज वाटत होती, वर्गाची वाटत होती, आणि आता एवढ्या मोठ्या माणसाला आमच्या खळ्यात असं उभं राहावं लागलं, त्याचीही. जाताना त्यांनी विचारलं, "तुमचा चेडू शाळेत कित्याक येना नाय?" मी म्हटलं, पोटात दुखतं. ते 'बरं' म्हणाले. त्यांना खरं काय ते कळलं होतं.

जत्रा जवळ आली. विनूचे वडील, गावकर, आबांना भेटायला आले. माणूस वाईट नव्हता, पण देवाचं काम म्हटलं की त्यांचा आवाज बदलायचा. "मडवळणीची जीब गेली म्हणतत, खरा काय? जमात मां पायघड्यांचा? नायतर आत्ताच सांग. शेजारच्या गावच्या मडवळाक निरोप धाडतंय. देवीच्या कामात कसर नको." आबा म्हणाले, "जमतला." ते गेल्यावर आबा तंबाखूची चंची हातात धरून नुसते बसून राहिले. मान एकदा दुसऱ्या घरी गेला की परत येत नाही, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईने वरच्या फळीवरचा डबा काढला. व्हाळावर मडकी लावली, राख भरली, पाणी घातलं. थेंब पडू लागले. आईने बोट बुडवलं, डोळे मिटले, जिभेला लावलं. परत लावलं. तिने डोळे उघडले तेव्हा मला त्यांत भीती दिसली. जीभ भाजली तेव्हाही ती इतकी घाबरली नव्हती.

"माका काय लागना नाय," ती म्हणाली.

तिने अंदाजाने एक पायघडी भिजवली, उकडली, धुतली. ती वाळत घातली तेव्हा गेल्या वर्षीच्या मशालींच्या तेलाचा डाग तसाच होता आणि बाकी कापडावर पिवळी झाक. आबांनी ती गुपचूप काढून घडी केली. दुसऱ्या दिवशी परत मडकी लागली, भट्टी पेटली. संध्याकाळ व्हायला आली होती आणि शाळा सुटली होती. साकवावर विनू आणि टोळी कठड्याला टेकून उभी.

"कुंदा, हंय ये," आई म्हणाली. "तुझी जीब व्हयी माका."

मला दोन गोष्टींची भीती वाटली आणि कुठली मोठी ते ठरवता येईना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे पोळलं होतं आईचं आणि फुंकत मी होते. "आये, घराकडे नेवया," मी म्हटलं, "थंय चाखतंय."

"थंय नेयसर भट्टी विझतली गो."

तिने मडक्यात बोट घातलं आणि आधी आपल्या जिभेला लावलं, त्या मेलेल्या टोकाला, आणि जीभ मला दाखवली. "बघ, माका काय जाला नाय. जीब वायच आखडूक व्हयी. टोचूक नये. टोचली तर लगेच थुक."

मी साकवाकडे बघितलं नाही, तरी तिथे काय चाललंय ते मला दिसत होतं. मग मी जीभ बाहेर काढली. वर हशा पिकला. आईचं बोट माझ्या जिभेला लागलं तेव्हा माझे डोळे गच्च मिटलेले होते आणि तोंड अगदी तिच्यासारखंच वाकडं झालं असणार. कच्च्या केळ्याची, जळक्या लाकडाची, थोडी कडवट अशी काहीतरी चव आली आणि निसटून गेली. जीभ आखडली नाही.

"वायच कमी आसा," मी म्हटलं.

आईने त्याच पाण्याची आणखी एक फेरी राखेवरून घातली. परत जीभ बाहेर. परत हशा. "अजून," मी म्हटलं. तिसऱ्या वेळी जीभ कडेकडेने हलकी आत ओढली गेली, चिकूचा चीक लागावा तशी, आणि टोचलं नाही. "पुरे आये, झाली." तोवर साकवावर दोघंतिघंच उरली होती. एकच गंमत परत परत बघायला मुलांना वेळ नसतो. माझी लाज गेली का? नाही. कान तापले होते, घरी जाईपर्यंत तापलेलेच होते, आणि हे लिहिताना आत्ताही तापले आहेत. पण भट्टी विझली नाही.

पायघड्या पांढऱ्या झाल्या. जत्रेच्या संध्याकाळी आबा त्या अंथरत पुढे जात होते आणि गर्दी मागे सरत होती. विनूही सरला. त्याच्या वडिलांनी पहिली पायघडी हातात घेऊन उजेडात धरली आणि काही न बोलता खाली ठेवली. पांढऱ्याला कोणी पांढरं म्हणत नाही, डाग असता तर गाव बोललं असतं. पालखी गेली, ढोल पुढे गेले, आणि गुळाच्या खाज्यांच्या दुकानांपाशी आम्हाला सर दिसले. गर्दीच्या कडेला उभे, हातात पुडी, खात मात्र नव्हते.

"वयनी," ते म्हणाले, "जीब कशी आसा आता?"

आईने भर जत्रेत त्यांच्यापुढे जीभ बाहेर काढली. डॉक्टरला दाखवावी तशी, पूर्ण. येणारी-जाणारी माणसं थबकली. मी दुसरीकडे बघू लागले. सरांनीही आधी मान फिरवली, पण मग परत वळले आणि खिशातून चष्मा काढून नीट बघितलं.

"बरी आसा," आई जीभ आत घेत म्हणाली. "टोकाक काय लागना नाय, पण बरी आसा. ह्या पायघड्यांची निवळ चेडवान चाखल्यान. सोमवारपासून तिका शाळेत धाडतंय. पण सर, तुमी ते शब्दांच्यो गजाली सांगतास मां, त्यो बंद करू नकात. माका ती राखेची बरी वाटलेली."

सर "व्हय" म्हणाले आणि खाज्याची पुडी माझ्या हातात दिली. सोमवारी मी शाळेत गेले. सरांनी पुस्तक उघडलं, धडा वाचून दाखवला, फळ्यावर सूत्रं लिहिली आणि घंटा होईपर्यंत खडू हातातून खाली ठेवला नाही. पुढे वर्ष संपेपर्यंत त्यांनी पुस्तकाबाहेरचा एकही शब्द आम्हाला सांगितला नाही, आणि आमच्यापैकी कोणी विचारलाही नाही.